गोरोबाकाकांचे अंगण

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. तेराव्या शतकात तेथे संत गोरा कुंभार राहत असत. वयाने वडील म्हणून इतर संत त्यांना आदराने ‘काका’ म्हणत. त्यांची कथा सातशे वर्षे सांगितली जात आहे. पण तिच्यात राजवाडा नाही की लढाई नाही. आहे ते कुंभाराचे अंगण आणि तेथील रोजचे काम.

कुंभाराचे घर आणि कामाची जागा ही निराळी नसतात. अंगणातच माती भिजत पडलेली असते. तिच्यात राख व लीद मिसळून ती पायांनी तुडवावी लागते. खडा राहून गेला, तर भांडे आव्यात तडकते. हे काम मोठे कंटाळवाणे. पाय आपोआप पडत राहतात, मन मात्र मोकळे असते. गोरोबांचे मन अशा वेळी विठ्ठलनामात रंगून जाई. एके दिवशी त्यांची पत्नी संती तान्ह्या मुलाला अंगणात ठेवून पाण्यास गेली. मूल रांगत चिखलात आले आणि नामात दंग झालेल्या पित्याच्या पायांखाली सापडले. पुढे पंढरपुरी पांडुरंगाच्या कृपेने ते परत मिळाले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात ही कथा आली आहे. ती ऐकताना काळजाचे पाणी होते, याचे कारण तिचा साधेपणा. घरात पाणी हवे होते आणि माती तुडवून व्हायची होती, एवढेच त्या दिवशी घडत होते.

दुसरी कथा थापटण्याची. ओले मडके ज्या लाकडी फळीने ठोकून घडवतात, ते थापटणे. संतमेळ्यात गोरोबांनी त्याने एकेकाच्या मस्तकावर थापटून पाहिले. इतर शांत बसले. नामदेव मात्र रागावले. तेव्हा काकांनी निवाडा दिला, ‘हे मडके कच्चे!’ नामदेव मग विसोबा खेचरांकडे गुरूच्या शोधात गेले. पोथ्या उघडून परीक्षा घेण्याचे काकांना सुचले नाही. हाताशी होते तेच अवजार त्यांनी उचलले.

कवीला ‘माती तुडवीत असता’ एवढे म्हणून भागते. चित्रपटाला तो चिखल आणि ते रांगते मूल प्रत्यक्ष दाखवावे लागते. १९७४ साली कन्नडमध्ये ‘भक्त कुंबार’ निघाला. त्यात राजकुमार गोरोबा झाले. १९७७ साली तेलुगूत ‘चक्रधारी’ आला. तेथे ही भूमिका अक्किनेनी नागेश्वर राव यांनी केली. भाषा बदलली, पण कुंभाराचे अंगण कोणालाही परके वाटले नाही. चाक आणि चिखल तिकडच्या गावांतही होतेच.

तेरच्या वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळातील मातीच्या वस्तू आजही पाहावयास मिळतात. गोरोबांच्या आधी हजार वर्षांहून अधिक काळ या गावाला माती घडवणारे हात ठाऊक होते.