कोरी पाटी शिकत नाही

यंत्राला भरपूर उदाहरणं दाखवली की ते आपोआप शिकतं, असा सर्वसाधारण समज आहे. उदाहरणं लागतातच, पण नुसत्या उदाहरणांवर माणसालाही शिकता येत नाही आणि यंत्रालाही नाही. काहीतरी आधीच गृहीत धरावं लागतं. संगणकशास्त्रज्ञ टॉम मिचेल यांनी १९८० साली हा मुद्दा नेमका मांडला. अशा गृहीताला तज्ज्ञ ‘इंडक्टिव्ह बायस’ म्हणतात. आपण पूर्वकल म्हणू. त्याची गरज का पडते, ते एका छोट्या हिशेबातून कळतं.

आंबा गोड निघेल का, हे तीन प्रश्नांवरून ओळखायचं आहे. रंग पिवळा आहे का? वास येतो का? दाबल्यावर मऊ लागतो का? प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही, म्हणजे आंब्यांचे ८ प्रकार झाले. प्रत्येक प्रकार एकतर गोड, नाहीतर आंबट. तेव्हा संभाव्य नियम २५६. आता ५ प्रकार चाखून पाहिले आणि त्यांच्याशी न जुळणारे नियम बाद केले. तरी ८ नियम उरतात. न चाखलेला कोणताही प्रकार घ्या: त्यांतले ४ नियम त्याला गोड ठरवतात, ४ आंबट. पाच आंबे चाखूनही सहाव्याबद्दल काहीच कळलेलं नाही!

‘वास येतो तो गोड’ असा साधा नियम जुळत असेल, तर गुंतागुंतीच्या नियमाआधी तोच धरायचा, असं ठरवलं की कोंडी फुटते. पण साधेपणाची ही पसंती आंब्यांनी शिकवलेली नाही. ती आपण सोबत आणली.

न्यूरल नेटवर्कमध्ये पूर्वकल बराचसा रचनेतच असतो. यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली बेल लॅब्समध्ये अमेरिकी टपालावरचे हस्तलिखित अंक ओळखणारं नेटवर्क बांधलं. चित्र १६ × १६ ठिपक्यांचं, म्हणजे २५६ ठिपके. पहिल्या थरात ७६८ घटक. प्रत्येक घटक प्रत्येक ठिपक्याला जोडला असता, तर १,९६,६०८ वजनं (प्रत्येक जोडणीचा एक आकडा) शिकावी लागली असती. हाताशी उदाहरणं होती फक्त ७,२९१.

त्यांनी दोन गोष्टी गृहीत धरल्या. पहिली, रेघ किंवा वळण ओळखायला आजूबाजूचे ठिपके पुरतात. म्हणून प्रत्येक घटकाला ५ × ५ ठिपक्यांचाच चौकोन दिला. वजनं १९,२०० वर आली. दुसरी, आडवी रेघ वरच्या कोपऱ्यात असो की खालच्या, ती आडवी रेघच. म्हणून ६४-६४ घटकांचे १२ गट केले आणि एका गटातल्या सगळ्यांना तीच २५ वजनं वापरायला लावली. उरली फक्त ३००. शिवाय प्रत्येक घटकाचा स्वतःचा एक आकडा असे ७६८ वेगळे. शिकताना कधीच न पाहिलेल्या २,००७ अंकांत या नेटवर्कच्या चुका सुमारे ५ टक्के निघाल्या. जे आधीच ठाऊक होतं, ते उदाहरणांतून पुन्हा शोधावं लागलं नाही.

पूर्वकल सैल केला, तर किंमत उदाहरणांनी चुकवावी लागते. गूगलच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेल्या व्हिजन ट्रान्सफॉर्मरमध्ये ही दोन गृहीतं फार थोडी आहेत. सुमारे १३ लाख चित्रांवर शिकवल्यावर तो जुन्या पद्धतीच्या नेटवर्कच्या मागे राहिला. ३० कोटी चित्रांवर शिकवल्यावर पुढे गेला.

कल उदाहरणांतूनही येतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजराच्या आकृतीवर हत्तीच्या कातडीचा पोत चढवला होता. माणसं मांजर म्हणाली, नेटवर्क हत्ती. मग पोत भरवशाचा राहणार नाही अशी चित्रं शिकवताना दिली, तेव्हा नेटवर्क आकाराकडे अधिक लक्ष देऊ लागलं.

म्हणून पूर्वकल नको म्हणण्यात अर्थ नाही. तो हाताशी असलेल्या कामाला लागू पडतो का, हे तपासायला हवं. रुग्णांच्या तक्त्यात वय, वजन आणि रक्तदाब असे रकाने असतात. त्यांची अदलाबदल केली तरी माहिती तीच राहते. कोणता रकाना कोणाशेजारी आहे, याला तिथे काही अर्थ नाही. शेजारच्या ठिपक्यांवर भिस्त ठेवणारी चित्रांची रचना तशीच्या तशी तिथे बसवली, तर जे गृहीत चित्रांत उपयोगी पडलं तेच इथे दिशाभूल करील. नेटवर्क किती उदाहरणांवर शिकलं, हे आपण नेहमी विचारतो. त्याच्या रचनेनं काय आधीच मान्य केलं आहे, हेही तितक्याच आग्रहानं विचारायला हवं.