धानाच्या राखणीसाठी बॅटरीची निवड

गोंदिया जिल्ह्यातील कामठा व आसपासच्या मुलखात धान हेच मुख्य पीक होय. आश्विनात धान निसवून दाण्यात दूध भरू लागले म्हणजे जंगलालगतच्या शेतांत रानडुकरांचा उपद्रव वाढतो. पूर्वी अशा वेळी मचाणावर बसून जागल करीत. आता पुष्कळ शेतकरी सोलर प्लेटवर चालणारे झटका मशीन लावतात. या यंत्राचा झटका साधारणतः सेकंदास एकदा, क्षणमात्र व मर्यादित शक्तीचा असतो. तो जनावरास परतवितो, मारीत नाही.

परंतु रात्री हे यंत्र ज्या बॅटरीवर चालते, तीच पहाटेपूर्वी उतरली तर कुंपण निर्जीव होते. मग पीक हातचे जात असलेले पाहून एखादा घरच्या विजेची तार थेट कुंपणास जोडतो. २३० व्होल्टचा तो अखंड प्रवाह डुकराबरोबर गुरांचा, वाटसरूचा व खुद्द मालकाचाही प्राण घेऊ शकतो. शिवाय तो कायद्याने गुन्हा आहे. यास्तव बॅटरीच्या निवडीत जीविताचाही प्रश्न गुंतलेला आहे.

ट्रॅक्टरची बॅटरी का चालत नाही?

ट्रॅक्टरच्या बॅटरीचे काम इंजिन सुरू करताना काही सेकंद फार मोठा प्रवाह देण्याचे असते. त्यासाठी तिच्यात पातळ पत्रे पुष्कळ संख्येने बसवितात. इंजिन चालू होताच ती पुन्हा भरली जाते. तिला रात्रभर थोडा थोडा प्रवाह देऊन खोलवर रिकामी होण्यास लावले, तर हे पातळ पत्रे लवकर झिजतात व काही महिन्यांत बॅटरी निकामी होते.

रात्री उतरणे व दिवसा भरणे हे ज्या बॅटरीचे नित्याचे काम, तिचे पत्रे जाड असावे लागतात. बाजारात ती ट्यूब्युलर किंवा सोलर बॅटरी म्हणून मिळते. परदेशांत फिरत्या निवासी मोटारीतील दिवे व पंखे ह्याच जातीच्या बॅटरीवर चालतात.

क्षमतेचा हिशोब

बॅटरीवर ‘एएच’ म्हणजे अँपिअर-तास हा आकडा असतो. समजा, यंत्र ०.३ अँपिअर प्रवाह घेते. १२ तासांचे ३.६ अँपिअर-तास झाले. ५ वॅटचा दिवा ६ तास जळाल्यास आणखी २.५ लागतात. एकूण सुमारे ६. पावसाळ्यात सूर्यदर्शन होत नाही, म्हणून तीन रात्रींचा साठा धरावा. तो १८ झाला. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी न करणे हिताचे असल्याने त्याची दुप्पट ३६ होते. म्हणून ४० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. आपल्या यंत्राचा प्रवाह त्यावरील पट्टीवर वाचून हाच हिशोब करावा.

दोन बॅटऱ्यांची तुलना करताना ‘सी १०’ की ‘सी २०’ हे पाहावे. पहिला आकडा दहा तासांत, दुसरा वीस तासांत बॅटरी उतरविण्याच्या हिशोबाने दिलेला असतो. आकडा सारखाच असल्यास ‘सी १०’ची बॅटरी सरस समजावी.

शिसे की लिथियम?

शिशाची बॅटरी स्वस्त पडते; मात्र ती जड असते व तिच्यात वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग असते. परंतु ती हलकी असून पाणी मागत नाही, सुमारे ८० टक्के वापरता येते व अधिक वर्षे टिकते. वरील कामास तिची २४ अँपिअर-तासांची क्षमता पुरते. दोहोंची भरण्याची रीत भिन्न असल्याने चार्ज कंट्रोलर त्या त्या जातीचाच घ्यावा. कंट्रोलरवाचून प्लेट थेट बॅटरीस कधीही जोडू नये.

निगा

बॅटरी सावलीत, हवेशीर व उंच जागी ठेवावी. अति उष्णतेने तिचे आयुष्य झपाट्याने घटते. शिशाच्या बॅटरीतून भरताना ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून जवळ बिडी वा चिमणी नेऊ नये. काही तास विसावलेल्या शिशाच्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असल्यास ती भरलेली, १२.१ असल्यास निम्मी उतरलेली समजावी. हंगाम संपल्यावर ती रिकामी पडू देऊ नये. रिकाम्या बॅटरीच्या पत्र्यांवर कठीण थर बसतो व ती पुन्हा नीट भरत नाही. पूर्ण भरून ठेवावी व महिन्यातून एकदा पुन्हा भरावी. जुनी बॅटरी फोडू नये. २०२२ च्या नियमांनुसार ती परत घेण्याची व्यवस्था करणे उत्पादकावर बंधनकारक आहे. म्हणून विक्रेत्याकडे द्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी धान निसवण्यापूर्वीच प्रत्येक कुंपणाची बॅटरी तपासून घ्यावी, आणि कोणी घरची वीज तारेस जोडीत असल्यास त्यास वेळीच परावृत्त करावे.