आवाजाला वळण लावणारे स्पीकर

14 जुलै 2012. लंडनच्या हाइड पार्कमध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि पॉल मॅकार्टनी एकाच मंचावर होते. ठरलेली वेळ उलटून गेली आणि आयोजकांनी सरळ माइक बंद केले. दोघांना श्रोत्यांचे आभार मानायलाही आवाज उरला नाही. आसपासचे रहिवासी गोंगाटाने वैतागलेले होते, म्हणून वेळेची आणि आवाजाची बंधनं कडक होती. त्याच सुमारास मैदानातल्या श्रोत्यांची तक्रार मात्र नेमकी उलटी होती: एवढे पैसे मोजले आणि नीट ऐकूच येत नाही!

2013 मध्ये तिथल्या उन्हाळी मैफलींसाठी मार्टिन ऑडिओ या ब्रिटिश कंपनीची ‘एमएलए’ ही ध्वनियंत्रणा आली. मैदानात आवाज भरपूर ठेवायचा आणि हद्द संपली की झपाट्याने खाली आणायचा, हे तिचं काम. आवाज मोठा करणं कुणालाही जमतं. तो नको तिथे जाऊ न देणं, ही खरी कारागिरी.

एकटा लहान स्पीकर, विशेषतः खालच्या सुरांत, चहूकडे आवाज पसरवतो. अनेक स्पीकर जवळजवळ लावले की त्यांच्या लहरी हवेत मिसळतात. दोन लहरींचा दाब एकाच वेळी पोचला तर आवाज वाढतो. एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडला तर दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. कुठे वाढ आणि कुठे वजाबाकी, हे ठरवण्याची किल्ली वेळेत आहे.

लेझीमच्या रांगेत एका टोकाच्या गड्याने आधी पाऊल टाकलं, शेजारच्याने क्षणभराने, त्याच्या पुढच्याने आणखी क्षणभराने, तर पुढे सरकणारी रांग तिरकी होते. उभ्या रांगेतल्या स्पीकरांचंही तसंच. वरचा आधी वाजला आणि खालचे क्रमाने उशिरा, तर आवाजाचा झोत खाली झुकतो. खोकं जागचं हलतही नाही. दोन स्पीकरांत 10 सेंटिमीटर अंतर असेल आणि झोत 30 अंश वळवायचा असेल, तर प्रत्येकाला आधीच्यापेक्षा साधारण 0.15 मिलिसेकंद उशीर पुरतो. कान हा उशीर वेगळा ओळखू शकत नाही; हवा मात्र त्याचा चोख हिशेब ठेवते.

कल्पना जुनीच आहे. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये शब्द कित्येक सेकंद घुमत राहत. तिथे 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला स्पीकरांचे उंच खांब बसवले गेले, म्हणजे आवाज घुमटाकडे न जाता माणसांकडे जावा. दूरच्या खांबांना आवाज उशिरा मिळावा म्हणून चुंबकीय तबकडी वापरली होती. 1992 मध्ये फ्रान्सच्या एल-अकूस्टिक्सने ‘व्ही-डॉस्क’ आणली आणि मंचाच्या दोन्ही बाजूंना टांगलेल्या स्पीकरांच्या वक्र माळा मोठ्या मैफलींत रूढ झाल्या. पण त्या माळेचा आकार म्हणजेच झोताचा आकार. खोक्यांचे कोन ठरवून एकदा ती वर चढवली की फेरफार अवघड. आता एमएलएसारख्या यंत्रणांत प्रत्येक लहान स्पीकरला किंवा छोट्या गटाला स्वतंत्र अॅम्प्लिफायर असतो, आणि कुणी किती उशिरा, किती जोरात वाजायचं हे सॉफ्टवेअर सभागृहाचा नकाशा पाहून ठरवतं.

याचा कळस लास वेगासच्या ‘स्फिअर’मध्ये दिसतो. 2023 मध्ये ‘यूटू’च्या मैफलींनी उघडलेल्या या गोलाकार सभागृहात बर्लिनच्या होलोप्लॉट कंपनीची यंत्रणा आहे. त्यात स्वतंत्रपणे चालवले जाणारे सुमारे 1 लाख 67 हजार ड्रायव्हर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणारे स्पीकरचे घटक, आहेत आणि त्यांतले बहुतेक अवाढव्य एलईडी पडद्यामागे दडलेले. शेजारशेजारच्या विभागांत वेगवेगळ्या भाषा ऐकवता येतील, असं कंपनी सांगते.

भौतिकशास्त्र मात्र सवलत देत नाही. 100 हर्ट्झच्या सुराची लहर सुमारे 3.4 मीटर लांब. तिला वळवायचं तर रांगही तिच्याहून चांगली मोठी हवी. 10 हजार हर्ट्झला लहर जेमतेम 3.4 सेंटिमीटर, तिथे स्पीकर अर्ध्या लहरीपेक्षा दूर असले, तर झोताला नको त्या दिशांना फाटे फुटतात. उघड्या मैदानात वाऱ्याची भर, शिवाय तापमान एक अंश वाढलं की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो. म्हणून दुपारी केलेली जुळणी रात्री तपासावी लागते.

गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेवर हा उतारा चालेल का? फारसा नाही. तिथे छाती हादरवतो तो बास, आणि सरकत्या गाडीवरून निघालेला हा बास दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून परततो. स्थिर मंचावर निदान त्याची पाठ तरी आवरता येते: काही सबवूफर (बास वाजवणारे मोठे स्पीकर) उलटे, मागे तोंड करून ठेवतात आणि त्यांना उलट्या ध्रुवतेचा, मोजून उशीर दिलेला तोच ठोका देतात. पुढचा बास बराचसा शाबूत राहतो आणि गायकांकडे मागे येणारा बराचसा पुसला जातो.