संगणकाची मंद गति व ‘डीफ्रॅग’चा उपाय

एकत्र कुटुंबांत एखादी वस्तु पुष्कळांच्या हातीं असली, म्हणजे तिच्या प्रकृतीविषयीं घरांत जितकीं माणसें तितकीं मतें असतात. घरचा संगणक ही अशीच वस्तु होय. मुलांचा अभ्यास, वडील मंडळींचे हिशेब, सुनालेकींचें कचेरीचें काम, आणि लग्नमुंजींचीं छायाचित्रें हें सर्व एकाच यंत्राच्या पोटांत सांठविलेलें असतें. यंत्र चार-सहा वर्षांचें होऊन मंदावलें, कीं कोणी तरी ठामपणें सांगतो, ‘एकदां डीफ्रॅग करा, म्हणजे तें नव्यासारखें चालूं लागेल.’ या उपायांत तथ्य किती, याचा विचार आम्ही आज वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

प्रथम हार्ड डिस्कचें स्वरूप पाहूं. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें पहिली हार्ड डिस्क पुढें आणली. तिच्यांत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या. कपाटाएवढ्या त्या यंत्रांत सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. हल्लींची डिस्क तळहातावर राहते; परंतु मूळ तत्त्व तेंच आहे. चुंबकीय लेप दिलेली चकती फिरत असते, व एक सूक्ष्म डोकें तिच्यावरून पुढें-मागें सरकत मजकूर वाचतें. घरगुती संगणकांतील चकती बहुधा मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते.

आतां तुकडे कसे पडतात? फाइली लिहिल्या व पुसल्या जातां जातां चकतीवर लहानमोठ्या रिकाम्या जागा राहतात. पुढें मोठी फाइल आली आणि तिला सलग जागा मिळाली नाहीं, तर ती मिळेल तेथें तुकड्यातुकड्यांनीं ठेविली जाते. पोथीचीं पानें एका फडक्यांत न बांधतां दहा कपाटांत विखरून ठेवावीं, तसाच हा प्रकार. पान एकही गहाळ नसतें. परंतु वाचणारास प्रत्येक पानासाठीं उठावें लागतें. डीफ्रॅग म्हणजे हीं पानें पुनः क्रमानें लावून ठेवणें.

या उठण्याबसण्याची किंमत गणितानें काढतां येते. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कचा एक फेरा सेकंदाच्या १२०व्या भागांत होतो. इष्ट जागा डोक्याखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो. डोकें सरकण्यास लागणारा काळ त्यांत मिळविला, तर एक तुकडा गांठण्यास सेकंदाचा सुमारें ७५वा भाग जातो. चार मेगाबाइटांचें एक छायाचित्र सलग असेल, तर सेकंदाच्या विसाव्या भागांत वाचून होतें. त्याचेच ७५ तुकडे झाले, तर नुसत्या शोधांतच एक सेकंद खर्च होतो. म्हणजे लाभ खरा आहे. परंतु तुकडे मोठे असतील, तर तो नाममात्र उरतो. म्हणूनच विंडोजमधील हें साधन ६४ मेगाबाइटांहून मोठ्या तुकड्यांच्या वाटेस सहसा जात नाहीं.

१९९३ सालच्या एमएस-डॉस ६ मध्यें हें साधन आलें, आणि विंडोज ९५ मधील त्याचे सरकते रंगीत चौकोन पाहत तासन्‌तास बसलेले लोक आजही आढळतील. तेव्हां तें काम हातानें करावें लागे. २००७ सालीं घरोघरीं आलेल्या विंडोज व्हिस्टापासून मात्र संगणक तें आठवड्यास एकदां आपण होऊनच करतो. त्यामुळें मुद्दाम करण्याजोगें फारसें उरत नाहीं.

एसएसडीची गोष्ट मात्र अगदीं निराळी. तिच्यांत फिरणारी चकती नाहीं व सरकणारें डोकें नाहीं. कोणतेंही पान जवळजवळ सारख्याच वेळांत हातीं येतें. तेव्हां पानें जुळवून मिळवावयाचें काय? उलट तिच्या पेशी ठराविक वेळांच पुसून लिहितां येतात. उगाच केलेली उचल-ठेव तिचें आयुष्यच खाते. म्हणून २००९ च्या विंडोज ७ पासून एसएसडीवर नियमित डीफ्रॅग चालविलें जात नाहीं. विंडोज ८ पासून तेंच साधन एसएसडीस कोणत्या जागा रिकाम्या झाल्या एवढी सूचना देतें, आणि ती हितावह असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. डिस्क खटखट वाजूं लागली, फाइली उघडतांना अडखळूं लागली, तर तें तुकड्यांचें लक्षण नसून बहुधा मृत्यूचें असतें. अशा वेळीं डीफ्रॅग करणें म्हणजे आसन्नमरण माणसास डोंगर चढावयास लावणें होय. वडिलांचें एकुलतें छायाचित्र, आजीच्या आवाजाचें मुद्रण हीं त्या खटाटोपांत कायमचीं जाऊं शकतात. आधीं दुसऱ्या डिस्कवर प्रत काढावी. बाकी सर्व मागाहून.

तेव्हां आमचें सांगणें इतकेंच: ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ या खिडकींत आपली डिस्क कोणत्या जातीची तें पाहावें. एसएसडी असेल, तर डीफ्रॅगचें नांव काढूं नये. फिरती डिस्क निरोगी असून पुष्कळ तुकडे झाले असतील, तर अवश्य करावें. तरीही यंत्र मंदच राहिलें, तर रॅम अपुरी आहे काय, आरंभींच सुरू होणारे कार्यक्रम फार आहेत काय, हें तपासावें. खर्चच करावयाचा, तर जुन्या डिस्कच्या जागीं एसएसडी बसविण्यांत जो फरक पडतो, तो वर्षभर डीफ्रॅग करूनही पडत नाहीं. निदानापूर्वीं औषध देणारा वैद्य आपण घरांत घेत नाहीं. यंत्राच्या बाबतींतही तोच नियम पाळावा.