संस्थेचे नाव, संस्थेच्याच हाती
‘निमगाव सावा, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे’ हा पत्ता टपाल खाते शेवटाकडून वाचते : आधी जिल्हा, मग तालुका, अखेरीस गाव. संकेतस्थळाचे नावही असेच उलट उलगडते. यंत्रे एकमेकांना अंकांनी ओळखतात. नावावरून अंक शोधून देणारी व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. ‘.इन’ने संपणाऱ्या नावाचा शोध मूळ सर्व्हरकडून ‘.इन’च्या नोंदवहीकडे आणि तेथून संस्थेने नेमलेल्या नेमसर्व्हरकडे जातो. ही नोंदवही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया सांभाळते. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ हे नावही घेता येते.

संकेतस्थळाची जागा भाड्याची असते. ती बदलली, तरी नेमसर्व्हरमधील अंक बदलून नाव तेच ठेवता येते. परंतु नावही कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठीच नोंदले जाते. एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर नोंदणी झाली आणि तो गाव सोडून गेला, तर नूतनीकरणाची सूचना संस्थेपर्यंत पोहोचतच नाही. मुदत व सवलतीचा काळ टळल्यावर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. मग आपल्याच माजी विद्यार्थ्याला शाळेच्या दारी परका भेटतो.

म्हणून नोंदणी संस्थेच्या नावे असावी, ईमेल कार्यालयाचा असावा आणि नूतनीकरणाची तारीख जमिनीच्या सात-बाराइतक्याच काळजीने दप्तरी जपावी.