कळपाची राखण – लेखांक ५ : पिल्लाचं दांडगं वय

मागच्या लेखांकात राखणीच्या कुत्र्याचं पिल्लू कुठून आणावं ते पाहिलं. आज ते शेळ्यांच्या वाड्यात आल्यानंतरची गोष्ट.

गुरुग्रामच्या दक्षिणेला, सोहन्याकडे, अरवलीच्या टेकड्यांत अजून शेळ्यांचे कळप चरतात. विलायती कीकर आणि धौच्या त्याच झाडीत बिबट्या, तरस आणि कोल्हेही आहेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये सोहन्याजवळच्या मंडावर गावात शिरलेल्या एका बिबट्याला जमावाने ठार मारलं. शेळ्यांची राखण नीट झाली तर माणसाचा बिबट्यावरचा राग थोडा तरी कमी होईल, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच या भागातल्या फार्महाउसवर शेळ्या पाळणाऱ्यांनी ‘राखणीला’ म्हणून आणलेलं पिल्लू साखळीने फाटकाशी बांधलेलं दिसलं की वाईट वाटतं. फाटकाशी वाढलेला कुत्रा फाटक राखतो. शेळ्या त्याला परक्याच राहतात.

आपलं कोण आणि परकं कोण, हे कुत्र्याच्या मनात साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत ठरत जातं. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने अमेरिकेतल्या हॅम्पशायर कॉलेजात १९७०च्या दशकापासून कळप राखणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास केला. कळपाला इजा न करणं, कळपाला धरून राहणं आणि परक्याला हुसकावणं, हे तीन गुण त्यांनी महत्त्वाचे मानले. पहिले दोन नसतील तर तिसऱ्याचा काही उपयोग नाही. चार्ल्स डार्विनने तर १८३३मध्ये उरुग्वेत पाहिलेली रीत लिहून ठेवली आहे. तिथे पिल्लाला लहानपणीच आईपासून तोडून मेंढीचं दूध पाजत, लोकरीच्या बिछान्यावर मेंढरांच्या वाड्यातच निजवत आणि इतर कुत्र्यांत मिसळू देत नसत. दिवाळीनंतर फलटण-बारामतीकडून कोकणात उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर मात्र एवढी खटपट लागत नाही. तिथलं पिल्लू डोळे उघडतं तेच मेंढरांत, त्यांना कोंडायच्या जाळीच्या म्हणजे वाघरीच्या कडेला.

खरी कसोटी पुढे, सहाव्या महिन्यानंतर. तोवर गरीब वाटणारं पिल्लू एकाएकी दांडगं होतं. पुढचे पाय पसरून, मागचा भाग उंच करून ते शेळीला खेळायला बोलावतं. शेळी घाबरून पळते, आणि तिचं पळणं हेच त्याला मिळालेलं बक्षीस! मग कान ओढले जातात, पायाला दात लागतात, एखादं करडू जीवानिशी जातं. ‘कुत्रा रक्ताला चटावला’ म्हणून त्याला हाकलून देतात. बहुतेक वेळा तो चटावलेला नसतो. त्याला खेळायला जोडीदार हवा असतो, आणि समोर फक्त शेळ्या असतात.

या काळात त्याला करडांत एकटं सोडू नये. शिंगं रोखणाऱ्या वयस्क शेळ्या आणि थोराड बोकड त्याचे उत्तम शिक्षक. दोन धडका बसल्या की अंतर कळतं. पाठलाग सुरू होण्याआधीच, म्हणजे नजर एका शेळीवर खिळली आणि अंग ताठ झालं की लगेच, एका ठरावीक शब्दाने दरडावावं आणि त्याला बाजूला घ्यावं. शेळ्या दिसतील अशा जागी काही मिनिटं ठेवून पुन्हा आत सोडावं. मारू मात्र नये. मार खाल्लेला कुत्रा माणसाला भितो, आणि माणूस नसला की पुन्हा तेच करतो. ओढाळ गुराला घालतात तसं हलकं लोढणं गळ्यात अडकवलं तर चालता येतं, धावताना पायात येतं. पण ते देखरेखीतच; कुंपणाच्या तारेत अडकलं तर फास बसेल.

त्याचं खाणं शेळ्यांपासून वेगळं द्यावं, नाहीतर ताटलीवरून भांडण जुंपतं. शेळी विते तेव्हा त्याला दोरीने धरून लांबून पाहू द्यावं. वार खायला कुत्रा धावतो, त्यात नवजात करडाला इजा होऊ शकते. मेलेल्या शेळीचं कच्चं मांस किंवा आतडी-फुप्फुसं कधीही घालू नयेत. त्यातून पट्टकृमी कुत्र्याच्या पोटात जातात आणि त्याच्या विष्ठेतून पुन्हा शेळ्यांत, माणसांतही येतात. रेबीज आणि डिस्टेंपरची लस, वेळच्या वेळी जंताचं औषध आणि नसबंदी हवीच. भटक्या कुत्र्यांच्या टोळीत गेलेलं पिल्लू पाठलाग शिकूनच परत येतं.

एवढं करून दीड-दोन वर्षांचा झालेला कुत्रासुद्धा एकटा बिबट्याशी लढू शकत नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याचा आहार तपासला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. कुत्र्यांच्या सातपट शेळ्या असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच होता. शेळ्यांजवळ दिवसा माणूस असतो आणि रात्री त्या कोंडलेल्या असतात; कुत्री मोकळी हिंडतात. आपल्या कुत्र्याचं काम भुंकून जागं करण्याचं आहे. त्यामुळे अरवलीच्या कडेला वाड्यावर छत किंवा मजबूत जाळी घालावी आणि रात्री दार लावताना कुत्र्यालाही शेळ्यांबरोबर आत घ्यावं.