हिंगोलीची कचेरी आणि पणजोबांचा माग

आपले पणजोबा हिंगोलीच्या छावणीत शिपाई होते, एवढीच स्मृती ज्या घरात उरलेली असते, त्या घरातील पणतू तहसील कचेरीच्या दप्तरखान्यात त्यांच्या नावाची चौकशी करू लागला, की त्याच्या पदरी बहुधा निराशाच पडते. आणि दर वेळी कागद नष्ट झालेला असतो असे नव्हे, तर ज्या कचेरीत तो उभा असतो तिच्यावर कोणत्या काळी कोणाचा अंमल होता, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

हैदराबाद कंटिंजंट ही फौज निजामाच्या पैशावर पोसलेली, परंतु हुकमत इंग्रज अधिकाऱ्यांची. तिच्याच खर्चापायी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले. हिंगोली हे तिचे एक ठाणे. म्हणून त्या शिपायाचा शोध निजामाच्या मुलकी दप्तरात घेणे व्यर्थ होय. हैदराबाद रेसिडेन्सीचे कागद आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि माग तेथूनच काढला पाहिजे. त्यातही १९०३ मध्ये ही फौज हिंदी लष्करात विलीन होऊन पलटणींचे क्रमांक बदलले, चौथी पलटण ९७ वी डेक्कन इन्फन्ट्री झाली, तेव्हा जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक जवळ असावेत. छावणी उठली, तरी पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावे हिंगोलीत टिकली. घरातील वृद्धांच्या तोंडी त्यांपैकी एखादे नाव आले, तर माझ्या मते तोच पहिला दस्तऐवज समजावा.

रयतेच्या घराण्याची वाट निराळी. निजामाच्या राज्यकारभारात १८८४ मध्ये फारसीची जागा उर्दूने घेतली, गावचा पाटील-पटवारी मात्र मोडीत लिहीत राहिला, आणि साल चाले ते फसली. जुन्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात एखाद्याचा जन्म खुर्दाद १३५२ फसली असा नोंदलेला असेल, तर वाचणारा गोंधळून जातो. परंतु हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होई आणि खुर्दाद हा सातवा महिना, हे कळले की १३५२ मध्ये ५९१ मिळवून १९४३ चा एप्रिल हाती येतो. आजूर ते बहमन या पहिल्या तीन महिन्यांना मात्र ५९० मिळवावे लागतात.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. म्हणून त्यापूर्वीच्या जिल्हा पातळीवरील कागदासाठी परभणीतही विचारणा करावी. २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त मराठवाड्यातील खासरा पत्रे, पाहणी पत्रे, कुळ नोंदवह्या धुंडाळल्या गेल्या. हेतू कुणबी नोंदींचा होता, परंतु सामान्य शेतकऱ्याला आपल्या खापरपणजोबांचे नाव सरकारी कागदावर प्रथमच दिसले, हे मला फार मोलाचे वाटते.

कचेरीत नकलेचा अर्ज देण्याआधी घरातील सर्वांत वडीलधाऱ्या बाईजवळ बसावे आणि त्या काळचे गाव, तालुका, वस्ती आणि घराण्याचे जुने आडनाव लिहून घ्यावे. आणि हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नये.